पांढरीतलं नाणं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते चिंचा फोडायचं. ओट्यावर पोतं अंथरलं होतं. मी दगडावर चिंच ठेवून हातोडीनं टरफल फोडायचो आणि माझी बायको केशर शिरा ओढून चिंचोके वेगळे करायची. बोलणं फारसं नव्हतं. मला कमी ऐकू येतं, त्यामुळं आमच्या घरात बोलणं म्हणजे ओरडणं, अन् तोंडात चिंच असली की ओरडता येत नाही. ती सारखी एखादी तोंडात टाकायची. "दात आंबतील," मी म्हणलं. तिनं तोंड उघडून दाखवलं. आंबायला दात होते कुठं.

दिवस कलला तेव्हा तिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मी तोंडाकडं बघितल्यावर म्हणाली, "औंदा जायचं का कुत्रं घेऊन?"

"तुझे गुडघे?"

"गुडघे घरात बसून बी दुखतेतच."

"मग येरमाळ्याची जत्रा झाली की जाऊ."

"जत्रंची वाट कशाला बघायची? उद्या जाऊ."

"उद्या ह्या चिंचा कोण फोडंल?"

"मग परवा," ती म्हणाली, अन् परत शिरा ओढायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. हलवलं तर अंग गार. लोक विचारतात, कसं झालं, काय झालं, आधी काही दुखत होतं का. मी एवढंच सांगतो. त्यात आणखी काही नाही.

कुत्रं म्हणजे खरं कुत्रं नव्हे. जमिनीतलं लोखंड, तांबं, चांदी हुडकायचं यंत्र. खाली तव्याएवढी चकती, तिला काठी, काठीवर एक डबा, डब्यातनं निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला कानावर लावायची दोन टोपणं. मी सोलापुरात पाईप गाडायच्या कामावर होतो तेव्हा ते ठेकेदाराकडं होतं. रस्त्याखालनं जुना पाईप कुठनं गेलाय ते बघायला. पुढं त्यानं धंदा बंद केला अन् म्हणाला, घेऊन जा हे डबडं. मी घेऊन आलो. त्याच कामावर ब्रेकरनं रस्ते फोडून फोडून माझे कान गेले. म्हणजे यंत्र घरी आलं अन् ते ऐकायचे कान सोलापुरात राहिले.

केशरनं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अंगणात चकती फिरवत होतो. ती भाकरीचा हात तसाच घेऊन बाहेर आली. "आवं, हे तर भुई हुंगायलंय. कुत्रंच की." खाली काही असलं की ते कुंई करतं, हेही तिनंच मला सांगितलं. तेव्हापासून त्याचं नाव कुत्रं.

टोपणं तिच्या कानावर गेली ती कायमची. पदरावरनंच लावायची. मी पुढं चकती फिरवत चालायचो, ती मागं, अन् मधी ती लांब वायर, बैलाच्या कासऱ्यासारखी. आवाज आला की ती वायर ओढायची. एकदा ओढली की थांब. दोनदा ओढली की उकर. ओढलीच नाही तर चालत राहा. आमच्या भावकीतली सोजरवैनी, जिला दुसऱ्याच्या दारात डोकावल्याशिवाय जेवण जात नाही, तिनं हे बघितलं अन् रस्त्यावरनंच ओरडली, "केशर, बरं केलंस गं. नवऱ्याला कासरा लावायलाच पायजे व्हता. उशीर केलास तेवढा!"

केशर म्हणाली, "तुमचा मोकाट हिंडतोय न्हवं? त्याला बी आणा वैनी. वायर लई लांब हाय."

हे सोजरवैनीचं बोलणं मला ऐकू आलं नव्हतं. दोघी पोट धरून हसायला लागल्या तेव्हा मी विचारलं, अन् केशरनं सगळं परत ओरडून सांगितलं. माझ्या वाट्याला जगातलं बरंचसं असंच आलं, तिच्या तोंडून, दुसऱ्यांदा.

त्या यंत्राचा आवाज कसा आहे ते मला आजवर ठाऊक नाही. तिनं सांगितलेला ठाऊक आहे. खिळा, बैलाच्या खुराची पत्री, बिजागरी असलं लोखंड असलं की म्हातारं खोकल्यागत. तांब्याचा पैसा असला की लांबनं कुणी पोरगी हाक मारल्यागत. अन् चांदी असली की टिटवी. टिटवी क्वचितच ओरडली.

आम्ही फिरायचो ते जुन्या गावाच्या जागेवर. भूकंपात ते गाव पडलं. आम्ही दोघं त्या रात्री रानात राखणीला होतो म्हणून राहिलो. पोरगा दत्ता आजोळी होता म्हणून राहिला. शेजारची राहिली नाहीत. सरकारनं नवं गाव इकडं माळावर बसवलं, सिमेंटची एकासारखी एक घरं. जुन्या जागेवर आधी दगडमातीचे ढीग होते. मग दगड लोकांनी नेले, ढीग पावसानं बसले, वर वेड्या बाभळी आल्या. आमच्या घराच्या परसातलं चिंचेचं झाड तेवढं उभं आहे. चिंचा त्याच झाडाच्या.

गावाच्या जागेला आमच्याकडं पांढर म्हणतात अन् रानाला काळी. पांढरीत पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंती, माणसांचं सगळं मुरलेलं असतं. ती माती काळीत टाकली की पीक जोर धरतं. म्हणून उन्हाळ्यात, ज्वारी काढून झाली, कडब्याच्या गंजी लागल्या, हरभऱ्याची रास घरात आली, की लोक पांढरीची माती ओढतात. पूर्वी बैलगाडीनं ओढायचे, आता ट्रॅक्टरनं. माती हलली की खालचं नाणं वर येतं. त्यामुळं आमचा हंगामही तोच. चिंचा फोडून झाल्या की सुरू, पेरणीची घाई लागली की बंद.

ते दिवस सांगण्यासारखे काही नव्हते, पण माझ्या अंगाला ते अजून ठाऊक आहेत. सकाळी लवकर निघायचं, कारण दहानंतर भुई तापते अन् चपलेतनं चटका लागतो. लिंबाचा बारीक मोहोर गळून वाट पांढरी झालेली. पांढरीची माती उकरली की तिला एक वास येतो, विझलेल्या चुलीचा. केशर चिमूट नाकाशी धरायची अन् म्हणायची, "हितं पारूची चूल व्हती." पारू शेजारची. ती गेली त्यात. मी म्हणायचो, तुला काय कळतंय, सगळी माती सारखीच. ती म्हणायची, "तुमाला नाक बी न्हाय व्हय आता?"

भिंती नव्हत्या तरी तिला घरं दिसायची. मी सरळ चकती फिरवत चाललो की वायरीला हिसका बसायचा. वळून बघितलं की ती हात नाचवत सांगायची, "आवं, भिंतीतनं कुठं चाललाव? दार तिकडं हाय." मग आम्ही वळसा घालून, जिथं दार होतं तिथनं त्या घरात शिरायचो. मोकळ्या माळावर दोन म्हातारी माणसं, कानाला वायर, दारं हुडकत वळसे घालायलेत. बघणाऱ्याला येडीच वाटली असणार.

घबाड-बिबाड आम्हाला कधी सापडलं नाही. सापडलं असतं तर तहसीलला जाऊन सांगावं लागलं असतं, अन् मला तिथल्या पायऱ्या आवडत नाहीत. आम्हाला सापडायचा ढब्बू पैसा. भोकाचा पैसा. निजामाच्या वेळचा उर्दू अक्षरांचा पैसा, हिरवा पडलेला. केशर घरी आणून चिंचेच्या कोळानं तो घाशीत बसायची. हिरवं जाऊन खालचा तांबडा रंग वर आला की मला जवळ बोलवायची. "बघा. कुणीतरी ह्याचं मीठ आणायला निघालं असंल." असा पैसा हातात धरून ती लई वेळ बसायची. कोण निघालं होतं, मीठ आणलं का नाही, घरात काय शिजत होतं. मला असला विचार यायचा नाही. तिच्याशेजारी बसून मी तो विचार ऐकायचो, म्हणजे बघायचो.

तिचे नेम होते. पहिल्याच उन्हाळ्यात टिटवी ओरडली अन् उकरलं तर लहान पोराच्या पायातला वाळा निघाला. तिनं तो पदरानं पुसला अन् परत खड्ड्यात ठेवला.

"अगं, चांदी हाय ती," मी म्हणलं.

"चांदी न्हाय. पोर हाय ते. ह्याला हात लावायचा न्हाय."

"मग पैशाला तरी कशाला लावायचा?"

"पैसा घ्या. नाणं कुणाचंच नसतंय. ते फिरत असतंय."

तेव्हापासून वाळा, पळी, अडकित्ता, कडी-कोयंडा, माणसाच्या हातातलं काहीही निघालं की परत जागेवर. नाणं तेवढं आमचं. अन् नाणं काढलं तरी खड्डा रिकामा बुजवायचा नाही. बाईची पाठवणी करताना ओटी रिकामी ठेवतात का, ती म्हणायची, अन् ही तर भुई, हिच्या पोटात आपली माणसं हायेत. कमरेच्या पिशवीतनं ती बाजारात चालणारा साधा एक रुपया काढायची, ज्वारीचे पाच दाणे काढायची, खड्ड्यात ठेवायची. वरनं माती सारून तळव्यानं दाबायची. ओठ हलायचे. "आमी घेतलं, तू घे." मला ऐकू यायचं नाही, ओठावरनं कळायचं.

मी तिला चिडवायचो. "ढब्बू पैसा काढतीस अन् चालता रुपया घालतीस. तुझ्या धंद्यात खोट हाय."

"तुमाला कवा धंदा जमला, ते मला शिकवायलाव?"

मग तिचे गुडघे गेले. एका उन्हाळ्यात नुसतं अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन माघारी आलो. पुढच्या उन्हाळ्यात निघालोच नाही. यंत्र कणगीमागं उभं राहिलं, त्यावर कोळ्यानं जाळं केलं. मी एकटा गेलो नाही, जायचा प्रश्नच नव्हता. कान घरी ठेवून कोण ऐकायला जातं? तिनं परत तो विषय काढला तो थेट त्या दिवशी, चिंचा फोडताना.

वर्ष झालं. वर्षश्राद्ध झालं. दत्ता पुण्याहून आला अन् जाताना म्हणाला, आबा, चला तिकडं. नको म्हणलं. मग त्यानं माझ्यासाठी कानात घालायचं मशीन आणलं. घालून बघितलं. वारा ऐकू आला, पत्र्यावरचं कावळ्याचं चालणं ऐकू आलं, शेजारचं भांडण ऐकू आलं. घरात मात्र काहीच ऐकू आलं नाही. तेव्हा काढून डब्यात ठेवलं. दत्ता फोनवर विचारतो, "आबा, मशीन घालताव का?" मी म्हणतो, "काय म्हणलास?" तो फोन ठेवतो.

चिंचा यंदाही आल्या. झाडाला काय. मी एकट्यानं फोडल्या, शिरा ओढल्या, चिंचोके काढले. एका माणसाला दोन माणसांचं काम दुप्पट वेळात व्हायला पाहिजे, तसं होत नाही. तिप्पट, चौपट लागतो. मधेच हात थांबतो अन् मी गुडघ्याकडं बघत बसतो.

असाच बसलो होतो तेव्हा नामदेव आला. गावातलाच, ट्रॅक्टरवाला. माझ्यासमोर उकिडवा बसला, म्हणजे मला त्याचं तोंड दिसावं. पोरगं समजदार आहे.

"आबा, पांढर उचलायलोय. औंदा जेसीबी लावलाय."

"उचल की."

"सगळीच उचलायचीय म्हणलं. खडकापतोर. तुमच्या घराची जागा बी त्यात येतीय. चिंच तेवढी सोडतो. तुमाला काय काढून घ्यायचं असंल तर घ्या, मागनं म्हणू नका."

"भिंती बी ऱ्हायल्या न्हाईत नामदेव. काय काढून घेऊ?"

"मी आपलं सांगून ठिवलं," तो म्हणाला अन् दोन चिंचा तोंडात टाकून गेला.

तो गेल्यावर मी उठलो अन् कणगीमागनं यंत्र काढलं. कसं उठलो ते ठाऊक नाही. केशर म्हणाली होती, परवा. ते परवा वर्षभर पडून राहिलं होतं. अन् आता ती भुईच जाणार, मग परवा यायचं कुठं?

सेल गेले होते. वडाप जीपनं लोहाऱ्याला जाऊन आणले. दुकानदारानं विचारलं, "आबा, टॉर्चला पायजेत का?" मी म्हणलं, "कुत्र्याला." मग त्यानं सेल दिले.

सकाळी निघालो. टोपणं मीच कानाला लावली. ती तिच्या डोक्याच्या मापाची झालेली, मला घट्ट बसली. त्यांच्या आतल्या कापसाला अजून तिच्या तेलाचा वास होता. वायर लांब, ती माझ्यापासनं निघून माझ्याकडंच येणार, मग करायचं काय? गुंडाळून कमरेला बांधली. सोजरवैनी तिच्या दारात तांदूळ पाखडत होती. मला बघून तिचं तोंड जुन्या सवयीनं उघडलं. "भावजी, आज कासरा कुणाच्या—"

एवढंच. मग तिनं पदर तोंडावर घेतला.

"कुणाच्याच न्हाय, वैनी," मी म्हणलं. "मोकाट हाय." अन् चालायला लागलो. ती मागं काही म्हणाली असेल तर मला ऐकू आलं नाही.

पांढरीच्या एका कडेला जेसीबी चालू होता. त्याची घरघर कानाला कळत नव्हती, पायाला कळत होती. अर्धं गाव गेलं होतं. जिथं पारूची चूल होती तिथं खाली पिवळा मुरूम उघडा पडलेला. मी आमच्या बाजूला वळलो. अन् दारातनंच शिरलो. वळसा घालून, जिथं चौकट होती तिथनं. मला कुणी हिसका दिला नव्हता.

दत्तानं आणलेलं मशीन घरी डब्यातच होतं, अन् टोपणांतनं मला काहीच ऐकू येईना. आवाज पूर्ण मोठा केला तरी भांड्याखाली माशी अडकल्यासारखं बारीक काहीतरी, तेही असलं तर. मग टोपणांची वायर उपसली, आवाज डब्यातनं यायला लागला, अन् डब्यावर हनुवटी टेकवली. तेव्हा खाली काही असलं की थरथर कळायला लागली. हाडाला कळते. पण थरथरीत म्हातारं कोण अन् पोरगी कोण, ते कळत नव्हतं. त्यामुळं जिथं थरथरलं तिथं उकरलं. खिळा. परत. पत्री. परत. बिजागरीचं पान. ती असती तर ह्यातल्या एकाही जागी तिनं मला वाकू दिलं नसतं. कमरेत कळ भरली. डोक्यावर ऊन आलं. मला तिचा राग आला, खरं सांगतो. परवा म्हणायचं अन् जायचं, ही कुठली रीत?

मग एका जागी थरथरलं, उकरलं, अन् मातीत गोल काहीतरी लागलं. काढून पुसलं. एक रुपया. आताचा, स्टीलचा, साधा. म्हणलं कुणाच्या तरी खिशातनं पडला असेल. पुढं सरकलो. थरथरलं, उकरलं. परत एक रुपया. चिंचेच्या अंगाला, जिथं आमचं न्हाणीघर होतं, तिथं तिसरा निघाला. तेव्हा मी बसलो. जागेवरच बसलो.

तिचे होते.

जिथं जिथं आम्ही नाणं काढलं होतं तिथं तिथं तिचा रुपया खाली बसला होता. दाणे मुंग्यांनी नेले असतील, का उगवून वाळले असतील. रुपये होते. ह्या खड्ड्यापाशी ती गुडघा चोळत बसली होती. त्या खड्ड्यापाशी आम्ही भाकरी खाल्ली होती अन् ठेचा तिखट झाला म्हणून मी तिला बोललो होतो. इथं वायर बाभळीत अडकली होती. मला वाटत होतं आम्ही इथनं पैसे नेले. नेले ते कुठं गेले? काही दत्तानं कुणाला दिले, काही फळीवरच्या डब्यात आहेत, मी वर्षभर उघडलेला नाही. अन् ती गपचूप इथं पेरून ठेवत आली होती, मी शेजारी बसून तिला हसत होतो.

मग मला लोभ सुटला. दुसरा शब्द नाही. जेसीबी पलीकडनं येत होता, म्हणलं हे त्याच्या दातात जाता कामा नये. हनुवटी डब्याला लावून दिवसभर पांढर धुंडाळली. ऊन लागलं, पाणी संपलं, नामदेवनं लांबनं हात करून बोलावलं, गेलो नाही. खिळे फेकले, पत्र्या फेकल्या, रुपये तेवढे धोतराच्या सोग्यात बांधत गेलो. किती ते मोजले नाहीत. सगळे मिळाले का तेही ठाऊक नाही. दिवस मावळायला आला तेव्हा सोगा जड झाला होता अन् मी उठताना दोनदा पडलो.

घरी आल्यावर दिवा लावायच्या आधी ते परातीत ओतले. सवयीनं चिंचेचा कोळ केला अन् एकेक रुपया घासायला बसलो. घासून घासून बोटं आंबली. स्टीलला चिंच लागत नाही. जसे होते तसेच राहिले. ते बघत बसलो अन् अंगठ्याखाली एक रुपया धरलेला असताना एकदम आठवलं.

खड्डे.

सगळे खड्डे मी तसेच टाकून आलो होतो. उघडे. तिनं भुईला दिलेलं मी भुईकडनं काढून आणलं होतं अन् तिथं चिमूटभर काही ठेवलं नव्हतं. आमच्या सगळ्या उन्हाळ्यांत एकही खड्डा तिनं रिकामा ठेवला नव्हता. मी एका दिवसात सगळे केले. तिच्या आठवणीपायी केले, हे आणखी वाईट.

जेवलो नाही. परात झाकून ठेवली.

सकाळी तांबडं फुटायच्या आत कणगीत हात घातला, ज्वारीची मूठ काढली, रुपयांबरोबर सोग्यात बांधली. यंत्र घेतलं नाही. पोचलो तेव्हा नामदेवचा माणूस जेसीबी चालू करत होता, नामदेव ट्रॉलीवर उभा होता. माझे खड्डे समोरच होते, उंदरांनी बिळं केल्यागत सगळ्या पांढरीवर. मी जेसीबीच्या पुढं जाऊन उभा राहिलो. नामदेव उडी मारून खाली आला अन् माझ्या तोंडासमोर उभा राहिला.

"आबा, बाजूला व्हा! चिरडताल!"

"बंद कर ते. जरा वेळ."

त्यानं हात केला. पायाखालची थरथर थांबली. मी पहिल्या खड्ड्यापाशी बसलो, सोगा सोडला. त्यानं रुपये बघितले, ज्वारी बघितली. त्याला केशरची रीत ठाऊक होती, गावात सगळ्यांनाच होती.

"आबा, आवं ही माती आत्ताच उचलायचीय. हितं ठिवून काय उपेग? चिंचंच्या बुडाला ठिवा, ती जागा मी सोडतोय. तिथं ऱ्हातील तरी."

"तिनं हितं ठिवलं व्हतं."

"पर ऱ्हाणार न्हाईत ना हितं. कुणाच्या रानात जातील कुणाला ठाव."

"जाऊ दे रानात," मी म्हणलं. "नाणं फिरत असतंय."

तो पुढं काही बोलला असेल तर मी तोंडाकडं बघत नव्हतो. मी रुपया ठेवला. पाच दाणे ठेवले. माती सारली, तळव्यानं दाबली. गार होती. मग उठलो अन् दुसऱ्या खड्ड्याशी गेलो, मग तिसऱ्या, न्हाणीघराकडं वळसा घालून दारातनं. नामदेव जेसीबीला टेकून उभा होता, त्याच्या माणसानं विडी पेटवली होती, ऊन बाभळीच्या शेंड्यावर आलं होतं. शेवटचा खड्डा बुजवून झाल्यावर ध्यानात आलं की म्हणायचं राहिलंच. परत पहिल्यापासनं सुरू करणं जमण्यासारखं नव्हतं, गुडघे बोलत होते. म्हणून तिथंच, मधी उभा राहून, सगळ्यांसाठी एकदाच म्हणलं.

"आमी घेतलं. तू घे."

मोठ्यानं म्हणलं असणार, कारण नामदेव अन् त्याचा माणूस दोघांनी दचकून बघितलं. मला माझं ऐकू आलं नाही. तिचे कान लई चांगले होते.